ठेवलेल्या फांदीचे पैसे

मामांनी कुऱ्हाड उलटी धरली आणि तुंब्याने लिंबाच्या खोडावर कमरेच्या उंचीला तीन ठोके दिले. मग थोडं वर, मग मागच्या बाजूला. मागचा आवाज वेगळा आला. भरल्या रांजणाचा आणि रित्या रांजणाचा असतो तेवढा वेगळा. "हितं पोकळ हाय," मामा म्हणाले. त्यांचा भाचा तोवर पंधरा पावलं मागे जाऊन, मान वर करून शेंडा बघत उभा होता. झाड एकच, धंदा एकच; पण एक बुंध्यापासून सुरू करतो, दुसरा शेंड्यापासून. पुढचे दोन-तीन तास त्यांचं जे चाललं ते मी खुर्ची टाकून ऐकलं. झाड माझ्या दारातलं, लातूरच्या औसा रोडकडच्या गल्लीतलं. आणि भांडणही माझ्याच वाक्यावरून लागलं होतं. मी म्हणालो होतो, "पावसाळ्याआधी सगळं बोडकं करून टाका, कटकट नको."

मामा नांदेडचे, तरोडा नाक्याकडचे. पस्तीसेक वर्षं झाडावर चढण्यात गेली. भाचा लातूरचा, इथल्याच कृषी महाविद्यालयात शिकला, नोकरीच्या दोन-चार परीक्षा दिल्या, मग हेल्मेट, दोर आणि कंबरपट्टा विकत घेऊन मामांच्याच धंद्यात उतरला. त्याच्या कार्डावर 'ट्री सर्जन' असं छापलंय. मामांनी ते कार्ड पहिल्यांदा वाचलं तेव्हा विचारलं होतं, "पेशंट मेला तर लाकूड कुणाचं?" घरात हा किस्सा विनोद म्हणून सांगतात. त्या दिवशी ऐकता ऐकता मला तो विनोद वाटेनासा झाला.

मामा — सर म्हनले बोडकं करा, तर बोडकं करायचं. त्यांचं झाड, त्यांचा शब्द. दुपारपर्यंत मोकळं करतो.

भाचा — मोकळं होतंय, पण तीन पावसाळ्यांनी परत यावं लागतंय.

मामा — मग वाईट काय हाय? परत गुत्तं.

(गुत्तं म्हणजे ठेका. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगितलं. आमच्याकडे ठेकेदार कुणी नसतो, सगळे गुत्तेदार.)

भाचा — परत याल तेव्हा झाड आजच्यापेक्षा धोक्याचं असणार. काका, तुम्हीच ऐका. जुनी फांदी खोडाच्या आतून आलेली असते. दरवर्षी खोडावर एक थर चढतो, फांदीवर एक थर चढतो, आणि ते एकमेकांत गुंफत जातात. सगळा शेंडा मारला की झाडाची चूलच विझते, कारण पानं हीच त्याची चूल. मग ते साठवलेलं सगळं पणाला लावून सालीखालून धुमारे सोडतं. दिसायला हिरवंगार, भरगच्च. पण ते धुमारे नुसते वरच्या थराला धरून असतात. तीन-चार वर्षांत मांडीएवढे होतात, आणि मग वळवाच्या पहिल्या वावटळीत...

मामा — ...उकलून खाली. म्हाईत हाय. बोडक्या केलेल्या झाडाच्याच फांद्या रिक्षावर पडत्यात. मी पस्तीस वर्षं डोळे झाकून चढायलो का?

भाचा — मग कामून करता?

मामा — गिऱ्हाईक तेच मागतंय म्हनून. तुझ्यासारख्या दोन फांद्या काढून खाली उतरलो तर म्हनतंय, 'एवढंच? आन ह्याचे पैसे?' ढीग दिसाय पाहिजे, बाबा. दारात ढीग पडला की गिऱ्हाइकाला वाटतंय काम झालं.

मी खुर्चीत जरा सावरून बसलो. दोन वर्षांपूर्वी याच लिंबाची 'छाटणी' मी दुसऱ्या कुणाकडून करून घेतली होती. ढीग चांगला पडला होता, आणि मी समाधानाने चहा पाजला होता.

मामांचा दर ऐकला तर अर्थशास्त्राच्या मास्तरानेही वहीत उतरवून घ्यावा. झाड किती उंच आहे, तारेजवळ आहे का, घरावर झुकलंय का, हे सगळं नंतर. आधी जात.

मामा — बाभळ असंल तर उलटे मीच मालकाला पैसे देतो. बाभळीचा जाळ, बाभळीचा कोळसा, सगळ्यालाच पाहिजे. चिंचेच्या बुंध्याला खाटकाचा ठोकळा होतो. लिंब सुतार घेतो, लवकर वाळवी लागत न्हाई म्हनून. बारीकसारीक सगळं वीटभट्टीला आन स्मशानात. एका देहाला तीनेक क्विंटल लाकूड लागतंय, ते कुठून तरी यायलंच पाहिजे की न्हाई? वडा-पिंपळाला गिऱ्हाईक न्हाई, तवा तिथं मजुरी जादा. आन गुलमोहर? ना जाळ ना फळी, नुसता धूर. गुलमोहराला रोख घेतो. आधी.

भाचा — बघा काका, सगळा हिशोब मेलेल्या झाडाचा. आता ह्या लिंबात धोका कुठं आहे? वर शेंड्याकडं दोन फांद्या वाळल्यात, पान नाही, साल सुटायलीय. त्या पडणार. पण त्या वजनाला हलक्या, वजनकाट्यावर त्यांना भाव नाही. आणि भाव कशाला आहे? खालच्या ह्या दोन जाड, ठणठणीत फांद्यांना, ज्यांच्यावर झाड जगतंय. मामांचा कोयता कुठं वळणार?

मामांनी बिडी काढली, पेटवली नाही, परत खिशात ठेवली. "खोटं न्हाई," म्हणाले.

मला वाटतं, भांडणातला खरा मुद्दा इथेच संपला होता. पुढचा तासभर दोघांनी कापण्याच्या पद्धतीवर वाद घातला, कारण पैशावर वाद घालण्यापेक्षा ते सोपं असतं. पण तो वादही ऐकण्यासारखा होता.

भाच्याची पद्धत तीन कापांची. पहिला काप खोडापासून हातभर लांब आणि फांदीच्या खालून, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा वरून, पहिल्याच्या थोडा पुढे. फांदी स्वतःच्या वजनाने तिथे मोडते, आणि खालच्या कापामुळे साल सोलत खोडापर्यंत येत नाही. मग उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढायचा. हा तिसरा काप कुठे घ्यायचा, यावर त्याचं सगळं शास्त्र उभं आहे. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो, वळ्या पडलेला. त्याला तो कॉलर म्हणतो. काप त्या फुगवट्याच्या लगेच बाहेर. खोडाशी सपाट घेतला तर कॉलर गेली, खुंट लांब ठेवला तर तो कुजून कीड आत नेतो.

मामा — सदऱ्याची कॉलर फाटू द्यायची न्हाई, एवढंच ना? पन खोडासरशी कापलं की कसं चापूनचोपून दिसतंय. खुंट दिसला की लोक म्हनतात अर्धवट सोडलं.

भाचा — चापूनचोपून दिसतंय, पण जखम दुप्पट होते. झाड आपल्यासारखं बरं होत नाही मामा. आपल्या जखमेत नवी कातडी येते. झाड जुनी जखम तशीच आत ठेवतं आणि भोवती भिंत घालतं. वरून नवं लाकूड चढवून तिला झाकून टाकतं. अमेरिकेत अ‍ॅलेक्स शिगो म्हणून एक माणूस होता. त्यानं मशीननं हजारो झाडं उभी चिरून हे बघितलं. त्या भिंतीतली सगळ्यात पक्की भिंत कॉलरपाशी असते. ती कापली की कुजणं सरळ खोडात.

मामा — आन मग वरून लावायचं काय? मी शेन-माती लावतो. गुत्तेदार डांबर देतो.

भाचा — काही नाही.

मामा — काहीच न्हाई?

भाचा — शिगोचं म्हणणं काहीच लावू नका. डांबरानं ओल आत कोंडते, बुरशीला बरंच होतं.

मामा — आन कॉलेजात काय शिकिवलं?

इथे भाचा अडखळला. कॉलेजात बोर्डो पेस्ट शिकवतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. आमच्याकडच्या मोसंबीला डिंक्या फार. पावसाळ्याआधी बुंध्याला बोर्डो लावला नाही तर बाग जाते, हे कुठलाही बागायतदार सांगेल. म्हणजे एका पुस्तकात लावा, दुसऱ्यात लावू नका. भाच्याने प्रामाणिकपणे सांगितलं की फळबागेत तो बोर्डो लावतो आणि रस्त्याच्या झाडाला काही लावत नाही. मामा हसले. त्यांना भाच्याची शंका त्याच्या ज्ञानापेक्षा जास्त आवडली असावी.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं लगेच जुळलं: खिळे. लातूरला क्लासचं गाव म्हणतात ते उगाच नाही. माझ्या लिंबावर नीटचे, जेईईचे, 'मर्यादित जागा' असलेले फलक येतात आणि जातात, खिळे राहतात. झाडाची साल त्यांना हळूहळू गिळते, आणि चार-पाच वर्षांनी बाहेरून काहीच दिसत नाही.

मामा — दिसत न्हाई, पन चेन मशीनला कळतंय. ठिणगी उडती, दात मोडतात, आन साखळी तुटली तर तोंडावर येती. पयल्या बाजीरावासारखा कोयता फिरवायचो तवा खिळ्याचं भ्या नव्हतं. आता मशीन घेतलं आन खिळ्याला भ्यायलो.

पुण्यात काही वर्षांपूर्वी तरुणांनी झाडांचे खिळे उपटायची मोहीम काढली होती, 'खिळेमुक्त झाडं' नावाने. भाच्याने तसा प्रयत्न लातुरात मित्रांना घेऊन केला. एका रविवारी उपटलेल्या जागी पुढच्या रविवारी नवे फलक लागले.

मग दोर. इथे मामांचा आवाज बदलतो. त्यांच्याकडे एक जुना सोल आहे, हाताच्या अंगठ्याएवढा जाड. फांदी उतरवायची असेल तर तिला सोल बांधायचा, वरच्या बेचक्यातून घ्यायचा आणि खाली शेजारच्या बुंध्याला दोन वेढे मारायचे. खालचा माणूस त्या वेढ्यांवर सोल धरतो आणि सोडत जातो. दोन वेढ्यांच्या घासणीवर एकटा गडी पाच-सहा मणांची फांदी पाळण्यासारखी उतरवतो. भाच्याकडे यासाठी लोखंडी नळकांडं आहे, बुंध्याला पट्ट्याने बांधायचं, परदेशातून मागवलेलं. काम तेच, वेढेही तेच. "तुझ्या नळकांड्याचे पैसे माझ्या वडलांनी लिंबाच्या बुंध्यावर वाचवले," मामा म्हणाले, आणि भाच्याने ते मान्य केलं. नळकांड्यामुळे झाडाची साल घासत नाही, एवढीच पुस्ती जोडली.

पण कंबरपट्ट्याचं तसं नाही.

भाचा — मामा, तुम्ही वर गेल्यावर स्वतःला बांधत नाही. एका हातात फांदी, एका हातात चालू चेन मशीन. हे बघवत नाही.

मामा — बांधलं की हलता येत न्हाई. पाय सांगतो फांदी कुठं धरंल. बुटात पाय मुका होतो.

भाचा — आणि पाय चुकला तर?

मामा थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत, कारण मला त्यात भर घालायची नाही.

मामा — आमचा एक जोडीदार होता. माझ्याहून हलका, माझ्याहून चांगला. रस्त्याच्या कामावर सोनमोहराला चढला. वरून बुंधा चांगला, पानं चांगली. आत सगळा भुसा. फांदी कापून पडली न्हाई, तो उभा होता तीच फांदी खचली. पंचवीस फूट. कमरेखाली काही राहिलं न्हाई. गुत्तेदार दोन दिवस दवाखान्यात आला, तिसऱ्या दिवशी त्याचा फोन बंद. कागद कुठंच नव्हता. हजेरीच्या वहीत आमची नावं नव्हती, नुसते आकडे होते, 'माणसं पाच'. त्याच्या बायकोला आम्ही चौघांनी मिळून वर्षभर दिलं. मग आमचंबी थकलं.

भाचा — ठोकून बघितलं नव्हतं?

मामा — बुंधा ठोकला होता. फांदी कोन ठोकतो? तवापासून ठोकतो.

भाचा शेंड्यापासून बघतो आणि मामा बुंध्यापासून, असं मी सुरुवातीला लिहिलं. मामांना शेंडा बघायला त्या माणसाने शिकवलं, एवढी दुरुस्ती करतो.

दहाच्या सुमाराला गल्लीतले एक गृहस्थ थांबले आणि म्हणाले, परवानगी घेतलीय का? घेतली होती, भाच्याने आग्रह धरला म्हणून. त्यावरून कायद्याचा विषय निघाला आणि मामांचं ज्ञान बघून मी गार झालो. 1975चा महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातला झाडांचा कायदा शहराच्या हद्दीतल्या झाडांना लागू होतो. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोड नाही. हद्दीबाहेर 1964चा कायदा, आणि त्याची यादी वेगळी: साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, खैर, चंदन अशा सोळा जाती. त्या यादीत लिंब नाही. बाभूळ नाही. वडही नाही.

मामा — म्हंजी बगा सर, हद्दीचा दगड हाय. अलीकडं लिंबाला हात लावला तर गुन्हा, पलीकडं त्या यादीत त्याचं नावच न्हाई. लिंबाला काय म्हाईत दगड कुठं हाय? आन किनवटचा साग आनायचा तर त्याला हातोड्याचा शिक्का पाहिजे, वाहतुकीचा पास पाहिजे. सागाचे लाड हायत, कारन सागाला भाव हाय.

भाचा — 2021 ला दुरुस्ती झालीय मामा. शहरात पन्नास वर्षांवरचं झाड आता वारसा वृक्ष. तोडलं तर त्याच्या वयाएवढी झाडं लावायची.

मामा — वय कसं मोजनार?

भाचा — वलयावरून. नाहीतर घेर मोजून अंदाजानं.

मामा — वलय बगायचं तर आधी पाडावं लागतंय. आन लिंबाची वलयं सागासारखी ठळक उमटत न्हाईत. मी हजार लिंब पाडले, एकाचं वय मला सांगता येनार न्हाई.

लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा भरत नाही. नांदेडकरांना किनवट-माहूरचं रान तरी आहे. आमचं रान म्हणजे शेताचे बांध, रस्त्याच्या कडा आणि लोकांची दारं. त्याची राखण करायला वनरक्षक नसतो. ते राहतं किंवा जातं ते अशा मामा-भाच्यांच्या हातून, आणि आम्ही त्यांना काय सांगतो त्यावर. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा साऱ्या देशाने लातूरच्या रिकाम्या घागरी बघितल्या. त्या उन्हाळ्यात वाळलेली झाडं कुणी मोजली नाहीत. मामांनी मोजली, कारण पुढची दोन वर्षं त्यांना वाळलेली झाडं उतरवायचंच काम होतं. शेळ्यांना पाला म्हणून ज्यांच्या फांद्या आधीच ओरबाडल्या होत्या ती सगळ्यात आधी गेली, असं ते सांगतात.

आणि महामार्ग. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणारा 361 क्रमांकाचा रस्ता रुंद झाला तेव्हा मामा त्या कामावर होते. त्याबद्दल त्यांना विचारलं.

मामा — लै कमावलं त्या रस्त्याला. खोटं कामून बोलू? दोन पोरींची लग्नं केली. आता तिकडून टेंपो आनताना जेवायला थांबायचं म्हनलं तर सावली सापडत न्हाई. ढाब्याच्या पत्र्याखाली बसतो.

यावर भाचा काही बोलला नाही. मला वाटलं बोलेल. त्या दोन लग्नांत तोही जेवला होता.

चहा झाला. भाच्याने मोबाइलवर एक फोटो काढून मामांपुढे धरला: वडाच्या फांद्यांना शेकड्याने सलाईनच्या बाटल्या टांगलेल्या. तेलंगणातल्या महबूबनगरचा पिल्ललमर्री, काही एकरांवर पसरलेला, सातेकशे वर्षांचा समजला जाणारा वड. नांदेडची आणि त्याची जुनी सोयरीक. 1948 पर्यंत दोन्ही गावं निजामाच्याच राज्यात होती. 2018 साली त्याला वाळवीने पोखरलं तेव्हा वनखात्याने वाळवीचं औषध पाण्यात मिसळून थेंब थेंब खोडात सोडलं, वाकलेल्या फांद्यांखाली टेकू उभे केले.

मामा — (हसत) सलाईन? झाडाला? सिस्टरबी ठेवली का?

भाचा — हसा. झाड जगलं. आणि हावड्याच्या बागेतला मोठा वड ऐका. दोन वादळं खाल्ली, बुरशी लागली, 1925 ला त्याचं मूळ खोडच कापून काढलं. आज तो नुसत्या पारंब्यांवर उभा आहे. मधलं खोड नाहीच.

मामा — (हसू थांबवून) पारंब्यांवर... आपल्याकडं तर पारंब्या आधी तोडत्यात. एस्टीच्या टपाला लागत्यात म्हनून. मी बी तोडल्या. मग वड एका खोडावर, आन माती खोदली की आडवा. म्हंजी खांब काढून माळवद उभं करायलो आपुन.

माळवदावरून त्यांना किल्लारी आठवलं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मामा पंचविशीत होते. दोन दिवसांनी आरे घेऊन गेले होते, ढिगाऱ्यातल्या तुळया कापून वाट करायला. "घरं सगळी भुईसपाट, आन लिंब उभे," म्हणाले. "एकाची फांदी मोडली नव्हती. लोक त्याच्याच खाली निजले. आन आता लोक म्हनतात, झाड घरावर पडंल, तोडा." भाच्याने लगेच सांगितलं की भूकंपाचं आणि वाऱ्याचं गणित वेगळं, वाऱ्यात झाड पडतं आणि घर उभं राहतं. बरोबर आहे. पण मामांचं वाक्य मला जास्त दिवस आठवेल.

"मग ह्या सलाईनचे पैसे कुनी दिले?" मामांनी विचारलं. सरकारने, भाचा म्हणाला.

मामा — हां. हेच मी तुला सांगायलो. वड सरकारी, पैसे सरकारी. सरांच्या लिंबाचं काय? तू म्हनतोस जाड फांद्या ठेवा. ठेवतो की! पन जी फांदी मी ठेवली, तिचे पैसे मला कोन देनार? तोडलेली वजनकाट्यावर मोजता येती. ठेवलेली कशावर मोजू?

भाचा — काकांनी द्यायचे. 4,500 रुपये. तीन फांद्या निघतील, दोन वाळलेल्या आणि एक तारेवर गेलेली. लाकूड काकांचंच. ते धंद्यात धरायचंच नाही. ज्या दिवशी मी लाकूड धंद्यात धरलं त्या दिवशी माझा डोळा जाड फांदीवर जाणार, मग मी कितीही शिकलेला असो.

मामा — सर, मी फुकट करतो. बोडकं करून देतो, साफसफाई करून देतो, एक रुपाया नको. लाकूड माझं.

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. एकीकडे 4,500 आणि दारात तेच झाड, जवळजवळ तसंच दिसणारं. दुसरीकडे फुकट, आणि ढीग. खरं सांगतो, माझा हात पाकिटाकडे लगेच गेला नाही. मी वेळ काढायला विचारलं, ढोलीचं काय? पोकळ झाड ठेवणं बरं का?

भाचा म्हणाला, भोवतीची निरोगी भिंत पुरेशी जाड असेल तर पोकळ खोडही उभं राहतं, सायकलचा दांडा पोकळच असतो. दरवर्षी पावसाळ्याआधी बघायला येईन. मामांनी परत ठोकलं, चारी बाजूंनी, कान लावून. "भिंत चांगली हाय," म्हणाले. "आन आत पिंगळ्याची जोडी हाय, शिट दिसायलीय." मग भाच्याने बुंध्याजवळ पायाने ठोकून दाखवलं. मी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले होते, सालीला अगदी चिकटवून, चिखल नको म्हणून. दिल्लीत हरित लवादाने 2013 मध्येच झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी करायला लावली होती, तो म्हणाला. तुमचा लिंब वर वाळायलाय त्याचं कारण वर नाही.

छाटणीची वेळही माझीच चुकली होती. लिंबाची पानगळ संपत येते तेव्हा, पाडव्याच्या आधी बोलवायला हवं होतं. मे महिन्यात लोकांना ढग दिसतात, तेव्हा झाड आठवतं; आणि नेमकी तेव्हाच कावळ्याची घरटी भरलेली असतात. शेंड्याकडच्या एका घरट्यामुळे एक वाळकी फांदी निम्मीच काढायची ठरली. मामांनी मात्र ते घरटं किती खाली आहे हे आधी निरखून घेतलं. त्यावरून त्यांचा पावसाचा अंदाज असतो, आणि तो ते कुणाला सांगत नाहीत.

शेवटी भाचा पट्टा बांधून वर गेला आणि मामा खाली सोल धरून उभे राहिले, दोन वेढे मारून. "वरच्याचा जीव खालच्याच्या हातात," एवढंच म्हणाले आणि पुढचा तासभर त्यांनी वरून नजर काढली नाही. पहिली फांदी मेजावर ताट ठेवावं तशी खाली आली. तिसऱ्या कापाला भाच्याने वरून हाक मारली, "मामा, कॉलर बघा!" मामा म्हणाले, "दिसली. खाली बग, वर बोलू नको."

तारेवरची फांदी राहिली. वीज बंद करून मिळेल असं सकाळी सांगितलं होतं, मिळाली नाही, आणि चालू तारेजवळ कोयता न्यायला दोघांनीही एका आवाजात नकार दिला.

पैसे मी दिले. त्यातले निम्मे भाच्याने मामांच्या हातात ठेवले, तेव्हा मामांनी ते दोनदा मोजले आणि विचारलं, "एवढ्याशा लाकडाचे?" पावतीवर कामाचा तपशील भाच्याने लिहिला: 'दोन वाळलेल्या फांद्या काढल्या. एक बाकी. सात ठेवल्या.'

पेव्हर ब्लॉक दुसऱ्या दिवशी मी उचलले. एकूण 36 निघाले.